न दुखणारी दुखापत

खेळ म्हटला की दुखापत आलीच. कबड्डीत गुडघा फुटतो, क्रिकेटमध्ये बोट मोडते, धावताना पाय मुरगळतो. चार दिवस हळदीचा लेप लावावा, आठवडाभर लंगडावे आणि पुन्हा मैदानावर उतरावे, ही आपली साधी रीत. दुखापतीचे माप आपण दुखण्यावरून ठरवतो. फार दुखले तर दुखापत मोठी, थोडे दुखले तर किरकोळ, आणि मुळीच दुखले नाही तर दुखापत झालीच नाही! दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा हिशेब मलाही पक्का वाटत होता. तो कोठे चुकतो हे मी माझ्या आत्येभावाकडून शिकलो. आणि शिकण्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागली. म्हणून हा लेख.

दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर माझ्या आत्याचे घर आहे. तिच्या थोरल्या मुलाला आम्ही सारे अण्णा म्हणतो. विसाव्या वर्षी एका बांधकामाच्या स्लॅबवरून तो खाली पडला. पाठीचा मणका मोडला आणि मणक्यांच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूला मार बसला. तेव्हापासून त्याच्या कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. आज तो दुर्गदबैलातल्या एका दुकानाचे हिशेब लिहितो आणि संध्याकाळी एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतो. त्याच्यासारखे आणखी चारपाच जण तेथे जमतात. बाहेर गेलेला चेंडू आणून देणे, चाकांत हवा भरून आणणे, पाणी देणे ही कामे माझ्याकडे असतात.

ह्या खेळांचा जन्म इस्पितळात झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा भाग समजणे सोपे जाईल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेला मनुष्य बहुधा फार काळ जगत नसे. इजा त्याला मारत नसे. अंथरुणावर पडून झालेल्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ह्यांनी तो जात असे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन ह्यांनी अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. रोग्याला दर दोन तासांनी कूस बदलायला लावायची, कातडी तपासायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची, हा त्यांचा पहिला धडा. खेळ त्यानंतर आले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, तेथे चाकाच्या खुर्चीतील १६ स्पर्धकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते. म्हणजे आधी कातडी राखली गेली आणि मगच पदके आली. हा क्रम आपण विसरू नये.

आपल्या मराठी मुलखाचे ह्या क्षेत्रातील मोठे नाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात असताना ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे त्यांनी इतके वाढवले की १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याजवळ खडकी येथे अशा जखमी जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. ही नावे आपण अभिमानाने घेतो, पण त्या खेळाडूंच्या शरीराला काय सोसावे लागते ह्याचा विचार क्वचितच करतो. तो विचार आता क्रमाने करू.

प्रथम दुखणाऱ्या दुखापती. त्यांत अग्रस्थान खांद्याचे. लंडन येथे २०१२ साली झालेल्या पॅरालिंपिकमध्ये डॉक्टरांनी दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवली. सर्व खेळ एकत्र धरले तरी सर्वाधिक दुखापती खांद्याच्या होत्या, सुमारे १८ टक्के. त्याखालोखाल मनगट व हात, आणि मग कोपर. हे असे का व्हावे? उत्तर सांध्याच्या रचनेत आहे. खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला लाडू. त्याच्यावर शरीराचा भार टाका, तो हलत नाही. खांद्याचा सांधा मात्र बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा. बशी उथळ असल्यामुळेच हात चहूकडे फिरतो. पण लिंबू जागेवर ठेवण्याचे काम हाडाकडे नसते, ते भोवतीच्या चार लहान स्नायूंकडे असते. निसर्गाने हा सांधा घास तोंडात घालण्यासाठी, दगड फेकण्यासाठी, फांदी धरण्यासाठी केला. त्याच्यावर चालण्याची पाळी येईल हे निसर्गाच्या हिशेबात नव्हते.

एका संध्याकाळी सहज म्हणून मी अण्णाच्या मागून चालत मोजले. घरापासून मैदानापर्यंत त्याने चाकांना ४६० वेळा हात मारला. जाताना ४६०, येताना तितकेच, आणि मधला दीड तासाचा खेळ वेगळा. त्यात बास्केटबॉलची जाळी. ही जाळी ह्या खेळात खाली आणलेली नसते. उभ्या खेळाडूंसाठी असते तीच, ३.०५ मीटर उंचीवर. बसलेल्या मनुष्याने तेथवर चेंडू पोचवायचा म्हणजे प्रत्येक फेकीला हात डोक्यावर ताणला जाणार. हात वर गेला की खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेत त्या लहान स्नायूंच्या कंडरा दाबल्या जातात. रोज दाबल्या गेल्या की सुजतात, सुजल्या की जागा आणखी अरुंद होते, आणि शेवटी कंडरा विरलेल्या कापडाप्रमाणे फाटते.

ह्यात आणखी एक मेख आहे. चाक ढकलताना छातीचे व खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू बळकट होतात, पाठीचे मागेच राहतात. खांदे पुढे झुकतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, काय भरदार छाती! आत मात्र दोरी एका बाजूनेच ओढली गेलेली असते. म्हणून जाणकार प्रशिक्षक ह्या खेळाडूंना ढकलण्याचा व्यायाम वाढवून देत नाहीत, ओढण्याचा देतात. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचा आणि छातीचे स्नायू ताणून मोकळे करायचे, हा साधा उपाय. दुसरा उपाय ढकलण्याच्या पद्धतीत आहे. भराभर छोटे धक्के मारण्याऐवजी लांब, सावकाश आणि कमी धक्के मारावेत; हात परत आणताना तो कड्याच्या खालच्या बाजूने सैल सोडून आणावा. तिसरा उपाय खुर्चीत आहे. हात चाकाच्या अगदी वरच्या टोकाला ठेवला असता कोपराचा कोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान यावा. आणि चौथा उपाय सायकलच्या दुकानात मिळतो. चाकांत हवा पुरेशी ठेवावी. हवा कमी, तर प्रत्येक धक्क्याला जोर जास्त.

खांद्यानंतर मनगट. मनगटाच्या तळाशी हाडे आणि एक जाड पट्टा ह्यांनी बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांच्या कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. तळहात वारंवार चाकाच्या कड्यावर आदळल्याने तो मज्जातंतू दाबला जातो आणि अंगठा व शेजारची बोटे बधिर होऊ लागतात. रात्री हात झिणझिण्यांनी भरून जाग आली तर ही पहिली सूचना समजावी. डॉक्टर ह्याला कार्पल टनेलचा विकार म्हणतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे टेनिसवाल्यांत अधिक. ह्याखेरीज किरकोळ इजा तर नित्याच्याच. वेगात असलेले चाक तळहाताने थांबवताना कातडी भाजल्यासारखी सोलवटते, फोड येतात, स्पोकमध्ये बोट अडकते, दोन खुर्च्यांमध्ये अंगठा चिरडतो. खेळाच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली व वर आत कललेली असतात, हे आपण पाहिले असेल. त्यामुळे खुर्ची चटकन वळते व सहसा कलंडत नाही. शिवाय टक्कर झालीच तर चाकांचे खालचे भाग आधी भिडतात आणि वरचे हात वाचतात. बोटांना चिकटपट्टी, हातात मोजे आणि कमरेला पट्टा एवढ्याने अर्ध्या इजा टळतात.

वाचक म्हणतील, खांदा दुखतो तर विश्रांती घ्यावी. मीही हेच म्हणालो होतो. बेंगळुरूच्या एका स्पर्धेला महिना राहिला होता आणि अण्णाचा उजवा खांदा रात्री त्याला झोपू देत नव्हता.

“अण्णा, आठ दिवस सुट्टी दे की त्याला.”

“खांद्याला सुट्टी देतो रे,” तो म्हणाला. “पण मग मला खाटेवरून खुर्चीत कोण घालणार? संडासला कोण नेणार, तू?”

मी गप्प राहिलो. आपला पाय मुरगळला तर आपण हातात काठी घेतो. त्याचा हात म्हणजेच त्याचा पाय. खेळ थांबवला तरी खांद्याचे काम थांबत नाही. अशा मनुष्याची खांद्याची दुखापत त्याला मैदानाबाहेर तर घालवतेच, घरातल्या घरातही कैद करते. म्हणूनच असे खेळाडू खांद्याचे दुखणे लपवतात. चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असणाऱ्यांपैकी ३० ते ७० टक्के लोकांना केव्हा ना केव्हा खांदेदुखी होते, असे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. त्यावर पुरता इलाज म्हणजे ती होऊच न देणे.

मी त्याच्या खांद्याला रोज रात्री मलम चोळू लागलो. आपण त्याची मोठी सेवा करीत आहोत असे मला वाटत होते. आणि येथेच माझी चूक झाली. जे ओरडत होते तिकडेच मी पाहत राहिलो.

आता न दुखणारी दुखापत. आपण वर्गात लाकडी बाकावर बसतो. तासाच्या पन्नास मिनिटांत आपण कितीदा चुळबुळ करतो, ह्याची मोजणी एकदा करून पाहावी. प्राध्यापकमहाशयांना ते आपले अनवधान वाटते. वस्तुतः ती आपल्या कातडीची स्वसंरक्षणाची धडपड असते. बसण्याचे हाड आणि बाक ह्यांच्यामध्ये मांस व कातडी चेपली जाते, तेथला रक्तप्रवाह अडतो, मज्जातंतू मेंदूकडे तक्रार करतात आणि आपण नकळत कूस बदलतो. मज्जारज्जू तुटलेल्या मनुष्याची तक्रार वर पोचतच नाही. तार तुटलेली आहे. तो तासन्‌तास एकाच जागी बसतो आणि आतले मांस मरू लागते. खेळाडूच्या बाबतीत हा धोका दुप्पट. खेळाच्या खुर्चीत बैठक मागे खोल असते, गुडघे कमरेपेक्षा वर येतात, त्यामुळे भार पाठीच्या टोकावर आणि बसण्याच्या हाडांवर एकवटतो. त्यात घामाचा ओलावा आणि प्रत्येक धक्क्याबरोबर होणारे घर्षण.

अण्णाला स्पर्धेसाठी एक वापरलेली खेळाची खुर्ची मिळाली होती. आम्हा सर्वांना केवढा आनंद! ती दुसऱ्याच्या मापाची होती, अण्णाला दोन इंच रुंद पडत होती, आणि तिची गादी बसून बसून पातळ झाली होती. हे मी रोज पाहत होतो. पण गादी पातळ असण्याचा अर्थ काय हे मला कळत नव्हते. चौथ्या आठवड्यात आत्याला धुण्यात त्याच्या पँटवर रक्तमिश्रित डाग दिसला. डॉक्टरांनी तपासले तेव्हा वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत कितीतरी खोल गेली होती. अण्णाला तिचा पत्ताही नव्हता. पुढचे तीन महिने तो पालथा पडून होता. संघ त्याच्यावाचून बेंगळुरूला गेला. ह्या तीन महिन्यांत त्याचा खांदा मात्र बरा झाला!

ही जखम सुरुवातीला ओळखता येते. गोऱ्या कातडीवर लाली दिसते आणि बोटाने दाबल्यावर ती फिकी होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. तेथे आजूबाजूपेक्षा काळपट झालेला, हाताला कोमट किंवा कठीण लागणारा भाग शोधावा लागतो. असा डाग दिसला की तेथला भार त्याच दिवसापासून पूर्ण काढायचा, हाच उपचार. डाग पडू नये म्हणून दर १५–२० मिनिटांनी भार हलवायचा. पूर्वी दोन्ही हातांवर शरीर उचलून धरायला शिकवीत. पण त्याने खांदे झिजतात. कोपरे गुडघ्यांवर टेकून एकदोन मिनिटे पुढे वाकून राहणे अधिक चांगले. एका दुखापतीचा इलाज दुसरीचे कारण होऊ नये, हे पाहावे लागते.

न दुखणाऱ्या दुखापतींत आणखी काही आहेत. वापर नसलेल्या पायांची हाडे ठिसूळ होतात. खुर्ची उलटली, पाय अडकला, तर हाड मोडूनही खेळाडू खेळत राहतो. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेला दिसतो. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे तेल लावून चोळणे आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. हे दोन्ही मुळीच करू नये. आत हाड मोडलेले असेल किंवा शिरेत रक्ताची गाठ असेल तर चोळणे घातक. आणि बधिर पायाला शेक भाजतो कधी ते समजत नाही. सुजलेला पाय थेट डॉक्टरांना दाखवावा.

इजा पाठीत जितकी वर, तितका घाम येणारा भाग कमी. मानेजवळ इजा झालेल्यांना घाम जवळजवळ येतच नाही. हुबळीच्या एप्रिलातल्या उन्हात असा खेळाडू दिसायला कोरडा ठणठणीत असतो आणि आतून तापत जातो. त्याला सावली, पाण्याचा फवारा आणि ओला टॉवेल हवा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांना आणखी एक धोका. मूत्राशय भरून फुगले, पट्टा आवळला, कोठे काही टोचले, की ते न जाणवताही रक्तदाब एकदम भडकतो. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो. त्याला ताबडतोब ताठ बसवावे, कपडे व पट्टे सैल करावे, लघवीची नळी कोठे दुमडली आहे का पाहावे आणि डॉक्टरांना बोलवावे. भडकलेल्या रक्तदाबाने वेग वाढतो म्हणून काही स्पर्धक मुद्दाम हा प्रकार ओढवून घेत. त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असल्यामुळे १९९४ पासून त्यावर बंदी आहे.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. खुर्चीत बसलेले सारेच सारखे नसतात. पोलिओ स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, संवेदनेला हात लावत नाही. आपल्या कर्नाटकाच्या मालती होळ्ळ ह्यांनी पोलिओवर मात करून चाकाच्या खुर्चीतील शर्यती गाजवल्या. त्यांना २००१ साली पद्मश्री मिळाली. पोलिओ झालेल्या खेळाडूला बूट चावला तर समजतो. अण्णाला समजत नाही. म्हणून “तुम्हाला पायात संवेदना आहे का?” हा प्रश्न संकोच न करता पहिल्या दिवशीच विचारावा.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग असल्या माणसांनी खेळावेच कशाला? हा निष्कर्ष काढणाऱ्याने अण्णाला त्या तीन महिन्यांत पाहायला हवे होते. खेळाने त्याचे दंड, फुप्फुसे आणि मन सुधारले. जखम झाली ती दुसऱ्याच्या मापाच्या खुर्चीने आणि आमच्या अज्ञानाने.

आता अण्णा पुन्हा खेळतो. जुन्या खुर्चीची बैठक आम्ही त्याच्या मापाने करून घेतली, जाड गादी घातली. रोज रात्री तो हातात लहान आरसा धरून आपली कातडी तपासतो. जेथे दिसत नाही तेथे आत्या पाहते. आणि मैदानावर माझ्या कामांत एकाची भर पडली आहे. दर पंधरा मिनिटांनी मी शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजली की सगळे खेळाडू चेंडू सोडून पुढे वाकतात आणि दोन मिनिटे तसेच राहतात. भिंतीवर बसलेल्या पोरांना वाटते, हाही खेळाचाच एखादा नियम असेल. मी त्यांची समजूत दुरुस्त करीत नाही. कारण तो नियम असायलाच हवा.

आपल्या कॉलेजातही उद्या एखादा विद्यार्थी चाकाच्या खुर्चीतून येईल. त्याच्यासाठी जिमखान्याच्या पायऱ्यांशेजारी एक उतार हवा, हे तर खरेच. पण तो खेळू लागला की नुसत्या टाळ्या वाजवून थांबू नये. गादी कशी आहे, चाकांत हवा आहे का, पाय सुजला आहे का, एवढे पाहणारा एखादा मित्र त्याला मिळावा. हा लेख वाचून असा एक मित्र जरी तयार झाला, तरी माझी त्या वेळची चूक थोडीशी तरी भरून निघाली असे मी समजेन.